काकांच्या विरोधात कोण?

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक म्हणजे मारुतीच्या देवळात बैठक बसे आणि भास्करराव घसा साफ करून जाहीर करत, की औंदा गाव बिनविरोध करायचं. दुसरी म्हणजे उद्धवकाका ती बैठक शेवटपर्यंत शांतपणे ऐकत, प्रसादाचे फुटाणे खात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आर्वीला जाऊन स्वतःचा उमेदवारी अर्ज भरून येत. झालं. गाव बिनविरोध व्हायचं राहून जाई.

रोहण्याहून थोडं अलीकडे आमचं गाव. कापूस, तूर, ज्याच्या विहिरीला पाणी त्याची संत्री. उद्धवकाकांचं घर आमच्या समोरच. उंच, काटकुळा माणूस, डोक्यावर टोपी, आणि हातात सायकल. सायकल हातातच असे, तिच्यावर बसलेलं मी त्यांना फारसं पाहिलं नाही. बसलं की लोकांशी बोलायचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे शेतात जायला इतरांना जितका वेळ लागे, त्याच्या दुप्पट त्यांना लागे, आणि इंदुकाकू शिदोरी बांधून देताना रोज तेवढ्यावरून एकदा तोंडसुख घेत.

माझं आर्वीला तहसील कचेरीच्या समोर दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखल्यांची कामं. उमेदवारी अर्ज संगणकावर भरायची पद्धत आल्यापासून काकांचे सगळे अर्ज माझ्याच हातून गेले. काका समोर बसून एकेक रकाना मोठ्याने वाचायला लावत आणि शेवटी दर वेळी तेच विचारत, "बरोबर भरलं ना? बाद त नाई होणार?" पडण्याची त्यांना कधी भीती नव्हती. बाद होण्याची होती.

कारण पडण्याची त्यांना सवयच होती. गावातली टवाळ पोरं त्यांना पाठीमागे 'पडेलकाका' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. एकदा एका पोराच्या तोंडून ते समोरच निसटलं, तर काका हसून म्हणाले, की पडेल म्हणायला का होईना, इलेक्शन तर झालं ना बाप्पा.

बिनविरोध या शब्दाशी त्यांचं वैर का होतं, हे त्यांनी मला एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं. बिनविरोध मेंबर म्हणजे न पाहता केलेला जावई, असं ते म्हणाले. चांगला निघाला तर देवाची कृपा, नाही निघाला तर बोलायची सोय नाही. मी म्हटलं, पण काका, भांडणं तर टळतात. त्यावर त्यांनी शेंग खाली ठेवली.

"ज्याले कोणी मतच देलं नाई, त्याले सवाल कोण विचारन? तो म्हणन, मी काय तुयापाशी आलतो का मागाले?"

भास्कररावांची बाजूही काही खोटी नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. ते गावातले जाणते, पोलीस पाटलाच्या घरातले, आणि स्वतः वॉर्डातल्या दुसऱ्या जागेवरून कायम बिनविरोध निवडून आलेले. मागच्या एका निवडणुकीत दोन सख्ख्या भावांनी वेगवेगळ्या पॅनलमधून अर्ज भरले आणि त्यानंतर त्यांच्या सामाईक विहिरीच्या मधोमध भिंत बांधली गेली. त्या विहिरीवरून जाताना भास्करराव अजूनही मान फिरवतात. निवडणूक म्हणजे गावाच्या अंगावरची जखम, असं त्यांना मनापासून वाटे. बिनविरोध गावाला वरून काही बक्षीस मिळेल ही आशा होतीच, पण खरी गोष्ट ती विहीर होती. काकांनाही ते कळत होतं. म्हणून त्या दोघांत वाद झाला तरी कडू शब्द कधी गेला नाही. काकांचा अर्ज भरून झाला, की घरी परतताना ते पहिल्यांदा भास्कररावांच्या ओट्यावर थांबत आणि भरून आलो म्हणून सांगत. भास्करराव कपाळाला हात लावत आणि आतून चहा मागवत.

प्रचार करावा तर काकांनी. मत मागणं त्यांच्या जिभेवरच येत नसे. घरोघर जायचे, चहा प्यायचे, पिकाची चौकशी करायचे, आणि उठताना म्हणायचे, "मताले येजो. कोणालेबी दे, पण येजो." एखादीने विचारलंच की काका, तुमची निशाणी कोणती, तर त्यांना आठवावं लागे. छत्री होती. दर वेळी छत्रीच मागत, कारण घरात एक जुनी काळी छत्री होती आणि नवं काही विकत आणायला नको. समोरच्या उमेदवाराची स्तुती मात्र ते न विचारता करत. "पोरगा चांगला आहे, फक्त थोडी घाई करते." अशा प्रचाराने कोण निवडून येणार? मतं मोजून झाली की हार घेऊन पहिले तेच पुढे होत आणि विजयी माणसाला हार घालून कानात सांगत, की आता ग्रामसभेत भेटू.

आणि ते भेटत. ग्रामसभा म्हणजे आमच्याकडे सही करून घरी जायचा कार्यक्रम होता. काकांनी त्याची सभा केली. सचिव विषय वाचायचे, लोक 'मंजूर' म्हणायचे, आणि पुढच्या ओळीतून एक लांब हात वर यायचा.

"मी नाई म्हणतो. आता मले समजावून सांगा."

मग समजावून सांगावं लागे. काकांना सांगता सांगता बाकीच्यांनाही कळे, की आपण कशाला मंजूर म्हणालो होतो. पटलं की काका हात खाली घेत आणि 'आता हो' म्हणत. नाही पटलं तर हात तसाच. एकदा खालच्या वस्तीकडे जाणाऱ्या सिमेंट रस्त्याला त्यांनी पावसाळाभर विरोध केला. पाणी घरात शिरेल, असं त्यांचं म्हणणं. रस्ता झाला, पाऊस झाला, पाणी कुठेच शिरलं नाही. पुढच्या ग्रामसभेत काका पहिल्यांदाच विषयाआधी उभे राहिले आणि म्हणाले, की रस्त्याच्या बाबतीत मी चुकलो, हे लिहून घ्या. सचिव म्हणाले, राहू द्या काका, ते कशाला लिहायचं. काका खाली बसेचनात. माझा विरोध लिहिला तर माझी चूकही लिहा, म्हणाले. शेवटी लिहिलं गेलं, तेव्हा कुठे सभा सुरू झाली. भास्करराव त्या दिवशी पोट धरून हसले होते.

घरातही हाच कारभार. वांग्याची भाजी की झुणका, यावर हात वर करून मतं घेतली जात, आणि इंदुकाकू सगळ्यांची मतं ऐकून घेऊन त्यांना करायचं तेच करत. पण मुलीच्या लग्नात मात्र काकांनी स्वतःचं खरं केलं. मंदाला चांगलं स्थळ सांगून आलं. सगळे खूश. काका म्हणाले, अजून एक पाहू. लोकांना वाटलं, यांना मुलगा पसंत नाही. तसं काहीच नव्हतं. "एकच पोरगा दाखवायचा आन् हो म्हणायले लावायचं, हे बिनविरोधच झालं," म्हणाले. दुसरं स्थळ हायवेवरच्या जाम गावच्या चौकात टायरचं दुकान असलेल्या मुलाचं आलं. मंदाने टायरवाला निवडला. आज ती तिथे त्याच्यासोबत दुकान सांभाळते आणि ट्रकवाल्यांशी भाव करताना अगदी बापासारखा हात वर करते.

आता त्या निवडणुकीबद्दल.

काकांचं वय झालं होतं. गुडघे बोलायला लागले होते आणि सायकलीचा आता खरोखरच आधार लागत होता. देवळातल्या बैठकीत त्या वर्षी काहीतरी वेगळंच शिजलं. काका फुटाणे खाऊन घरी गेल्यावर भास्कररावांनी उरलेल्यांना थांबवलं. म्हणाले, हा माणूस आयुष्यभर पडत आला, आता एकदा आपणच याला निवडून देऊ. आपल्या वॉर्डातल्या खुल्या जागेवर त्याच्याशिवाय कोणी अर्जच भरायचा नाही. लोकांना ते फार आवडलं. त्यात चेष्टा होती, तसं प्रेमही होतं. बिनविरोधाच्या वैऱ्यालाच बिनविरोध करून टाकायचं, यापेक्षा चांगली चेष्टा आमच्या गावाला सुचली नसती.

काकांनी नेहमीप्रमाणे अर्ज भरला. कचेरीच्या फलकावर आलेल्या अर्जांची नावं लागत, ती वाचायला ते शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी पुन्हा आर्वीला आले. वाचून माझ्या दुकानात येऊन बसले. मी चहा सांगितला.

"आपल्या जागेले माया एकट्याचंच नाव आहे," ते म्हणाले.

मला सगळं ठाऊक होतं, मी ते सांगून टाकलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. काका लाजले होते. नव्या जावयासारखे कानापर्यंत लाल झाले होते. मग त्यांनी सांगितलं, की त्या मेंबरच्या खुर्चीवर एकदा तरी बसायची त्यांची इच्छा आहे, अगदी पहिल्या निवडणुकीपासून आहे. नळाला पाणी सकाळी ऐन निंदणाच्या वेळी सुटतं, बाया एक तर पाणी सोडून देतात नाही तर मजुरी बुडवतात. ती वेळ बदलायचा ठराव त्यांनी ग्रामसभेत किती वेळा मांडला, पण खुर्चीवरून कोणी तो उचलला नाही. खुर्चीवर गेलो की पहिलं तेच, असं त्यांनी मनात धरलेलं होतं. मला कधी कळलंच नव्हतं. आम्ही सगळे समजत होतो, की या माणसाला फक्त उभं राहायचं असतं.

मी म्हटलं, मग घ्या ना काका. उद्या तीन वाजेपर्यंत नुसतं गप्प बसायचं आहे. लोकांनी प्रेमाने दिलंय.

त्यांनी कप खाली ठेवला.

"तेच त आहे संजू. प्रेमानं देलेलं मंग परत मागता येत नाई. मतानं देलेलं पाच वर्षांनी परत घेता येते. मी बिघडलो त लोकायनं काय करावं?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच आला. चांगलं ताटात वाढून आलं होतं आणि हा माणूस ताट सरकवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका सायकल हातात धरून वॉर्डात फिरले. या वेळी मत मागायला नव्हे, विरोधक मागायला. पहिल्या घरी म्हणाले, तुमच्याविरुद्ध उभं राहून पाप कोण घेईल. दुसऱ्या घरी म्हणाले, भास्कररावांना शब्द दिला आहे. तिसऱ्या घरचा माणूस त्यांना येताना पाहूनच मागच्या दाराने शेतात निघून गेला. दुपारचे बारा वाजले तरी काकांना विरोधक मिळेना.

एक वाजता माझ्या दुकानासमोर ऑटो थांबला. आतून काका उतरले आणि त्यांच्या मागून लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसलेल्या इंदुकाकू. तोंडावर आठ्या.

"यायले कोणी मिळून नाई राह्यलं," त्या बाकावर बसत म्हणाल्या, "म्हणून मले आणलं."

माझा माउस हातातल्या हातात राहिला. काका मात्र गंभीर होते. कागद सगळे आणले होते, सूचक म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या सखारामजींना ऑटोतच बसवून ठेवलं होतं. मी भराभर रकाने भरू लागलो. मध्येच काकूंनी मला थांबवलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अजी, मले तुमच्या विरोधात बोलावं लागन का?"

"लागन."

"लोकायसमोर?"

"लोकायसमोर."

काकूंच्या कपाळावरच्या आठ्या हळूच गेल्या. "मंग भर बाबू," त्या मला म्हणाल्या, "लवकर भर."

पुढचे दिवस आमच्या गावाने जे पाहिलं, ते वर्ध्यात कुठल्या नाटकातही पाहायला मिळालं नसतं. एकाच घरातून दोन प्रचार निघत. सकाळी काका, संध्याकाळी काकू. स्वयंपाक एक, चूल एक, आणि दारावर दोन पत्रकं, एक छत्रीचं आणि एक कपबशीचं. काका नेहमीसारखे चहा पिऊन 'येजो' म्हणून उठत. काकूंना मात्र तो संकोच नव्हता. त्यांनी बायांना पारावर गोळा केलं आणि सांगितलं, की लग्न झाल्यापासून मी यांचं ऐकून राह्यली, आता तुम्ही माझं ऐका. नळाची वेळ मी बदलून आणीन. यांनी एवढी वर्षं नुसते हात वर केले, मी करून दाखवते, मले मत द्या. मत द्या हे शब्द त्या घरातून पहिल्यांदा बाहेर पडले होते. काका पाराच्या कडेला सायकल धरून ऐकत होते. म्हणाले, "मुद्दा बरोबर मांडून राह्यली."

भास्कररावांची मोठी पंचाईत झाली. कोणाचा प्रचार करावा? शेवटी ते दोन्ही वेळा त्या घरी चहा पिऊन आले आणि कोणाबद्दलच काही बोलले नाहीत.

काका पडले. थोडक्याने पडले, पण पडले. आर्वीला निकाल जाहीर झाला तेव्हा टाळ्या वाजवायला पहिले तेच उठले, आणि हार घेऊन पुढेही तेच झाले. भर कचेरीत नवऱ्याने बायकोला हार घातला, बायकोने पदर सावरला, आणि शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळे हसले. येताना ऑटोत काकू पुढे बायांमध्ये बसल्या होत्या. मी आणि काका मागे. गाव जवळ आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, की थोडं वाईट वाटतंय. खुर्ची हाताशी आली होती. मग म्हणाले, की पडल्यावर वाईट वाटलंच पाहिजे, नाहीतर लढलोच नाही असं होईल. मी त्यांचा हात धरला. तो हात मला फार आवडत असे, हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, आता म्हणतो.

पहिल्या ग्रामसभेत काकूंनी खुर्चीवरून ठराव मांडला, की नळाचं पाणी संध्याकाळी, बाया शेतातून आल्यावर सोडावं. सगळे 'मंजूर' म्हणाले. पुढच्या ओळीतून लांब हात वर आला.

"मी नाई म्हणतो. आता मले समजावून सांगा."

ठराव त्यांचाच होता. आयुष्यभर मनात धरलेला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "घरी बी हेच, इथं बी हेच. बसा, सांगते." आणि त्यांनी सांगितलं. पंप किती वेळ चालतो, टाकी कधी भरते, संध्याकाळी वीज गेली तर काय करायचं, सगळं. काका मन लावून ऐकत होते. मग हात खाली घेतला आणि 'आता हो' म्हणाले. आजही आमच्याकडे पाणी संध्याकाळी येतं.

काकूंची पाच वर्षं संपत आली, त्या हिवाळ्यात काकांनी अंथरूण धरलं. मी शेवटचा त्यांना भेटलो तेव्हा ते अंगणात उन्हात खाटेवर पडले होते, सायकल उशाशी भिंतीला टेकवलेली. आवाज बारीक झाला होता. घरच्यांची, दुकानाची चौकशी केली, आणि मग विचारलं, की औंदा आपल्या जागेवर कोण कोण उभं राहतंय. मी म्हटलं, काकू राहतीलच. ते म्हणाले, "तिच्या विरोधात?" मी म्हटलं, अजून कोणाचं नाव ऐकलं नाही.

काकांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"पाहजो," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गेले. गाव खरंच रडलं. दोन महिन्यांनी निवडणूक लागली, देवळात बैठक बसली, आणि भास्कररावांनी घसा साफ केला. या वेळी तो सहज साफ झाला नाही. ते म्हणाले, की उद्धवरावासारखा माणूस आता होणे नाही, आणि त्याला श्रद्धांजली म्हणून इंदुवहिनींना बिनविरोध निवडून द्यावं. लोकांनी माना डोलावल्या. कोणाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला हसावं की रडावं कळेना. काकांनी सांगितलेलं 'पाहजो' माझ्या गुडघ्यावर अजून तसंच होतं, मी उठायला लागलो.

पण काकू आधीच उठल्या होत्या. बायांच्या घोळक्यातून त्यांनी हात वर केला होता. "मी नाई म्हणते," त्या म्हणाल्या. समजावून सांगा, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, आणि समजावून सांगायला कोणी उठलंही नाही. बैठक तशीच संपली.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी दुकानात होतो. काकूंचा अर्ज आधीच गेला होता. फलकावर त्या जागेसाठी एकच नाव होतं. मी स्वतः या वॉर्डातला मतदार, आता आपणच भरावा म्हणून कागद जमवत होतो, तेवढ्यात दारात भास्करराव दिसले. धोतर स्वच्छ, हातात कागदांची पिशवी, चेहरा दवाखान्यात आल्यासारखा. सगळं आयुष्य बिनविरोध गेलेला माणूस. ते बाकावर काकांच्या जागी बसले आणि रकाने मोठ्याने वाचायला सांगितले.

चिन्हाचा रकाना आला. मी पडद्यावरची यादी त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ती पाहिलीच नाही.

"छत्री लिव," ते म्हणाले.

मी लिहिलं. अर्ज छापून निघाला. सही करण्याआधी भास्कररावांनी चष्मा पुसला, कागद दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "बरोबर भरलं ना संजू? बाद त नाई होणार?"